शांतिसेना: कामाला साडेतीन तारे, पाटीला एक

लोक हॉटेलचं परीक्षण लिहितात, मिक्सरचं लिहितात, ट्रॅव्हल्सच्या बसचं लिहितात. मी ज्या सेवेत राबलो तिचं लिहितोय. सेवा: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. शाखा: गोमा, उत्तर किवू प्रांत, काँगो. काळ: 2012-13. मी सिग्नल्सचा नायब सुभेदार. आधी गोम्यात ब्रिगेडच्या मुख्यालयात वायरलेसवर होतो, नंतर डोंगरातल्या एका कंपनीच्या तळावर. आता पेन्शनीवर आहे, सातारा तालुक्यात. म्हणजे हे मत गिऱ्हाइकाचं नाही, गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाचं आहे. पण गिऱ्हाईक रोज डोळ्यांसमोर असायचं, आमच्या तारेच्या कुंपणाला पाठ लावून बसलेलं.

आधी त्या कुंपणाचंच सांगतो, कारण या सेवेत खरी चालणारी वस्तू तीच.

दिवस कलला की आसपासच्या वाड्यांमधून बायाबापड्या यायला लागत. डोक्यावर चटई, हातात पाण्याचा पिवळा कॅन, पाठीला कापडात बांधलेलं पोर. कोणाच्या हातात कोंबडी, कारण ती घरी ठेवली तर सकाळी दिसत नसे. कुंपणाबाहेर दहा-वीस पावलांवर सगळे पथारी पसरत. चुली पेटत, घेवड्याची पातेली चढत, धूर थेट आमच्या पहाऱ्यावरच्या संत्रीच्या नाकात. पहाटे पुन्हा सगळे उठून शेतावर. त्यांना आत घेतलेलं नव्हतं, आम्ही त्यांना काही देतही नव्हतो. फक्त आमच्या फ्लडलाइटचा उजेड जिथवर पोचत होता तिथवर बंदूकवाले येत नव्हते. एका रात्री जनरेटर सर्व्हिसिंगला बंद केला, तर बाहेर असा कालवा झाला की कंपनी कमांडर साहेब बनियनवर बाहेर आले. दुभाष्याने चौकशी केली. म्हणाला, ''शेफ, त्या म्हणतायत, गोळी नको घालू, पण दिवा लाव.'' तिकडे साहेबाला शेफ म्हणतात. त्या दिवसापासून सर्व्हिसिंग भरदुपारी होऊ लागलं.

आता यातून ''संघर्ष मिटला'' का? मुळीच नाही. पण त्या उजेडातल्या तीनचारशे माणसांची रात्र निभावली. जगातल्या अभ्यासकांनी आकडेमोड करून जे काढलंय तेही जवळपास हेच: जिथे निळ्या टोप्या, म्हणजे शांतिसेनेचे जवान, पुरेशा संख्येने असतात तिथे नागरिक कमी मारले जातात, आणि तह झालेल्या देशात लढाई पुन्हा पेटण्याची शक्यता कमी होते. मी आकड्यांचा माणूस नाही, मला कोंबड्यांवरून कळायचं. कुंपणाबाहेर कोंबड्या जास्त दिसल्या की समजायचं, आज वर डोंगरात काहीतरी बिघडलंय.

दुसरी चालणारी वस्तू म्हणजे फोन. गावागावांत एकदोघांना मोबाइल दिलेले. धोका दिसला की तळावर फोन करायचा. आमच्याकडे तो उचलायला स्थानिक सहायक बसलेला असे. हा मूळचा शाळामास्तर. स्वाहिली, फ्रेंच, किन्यारवांडा, आणि आमच्या नादाने थोडी हिंदी. रात्री फोन आला की आधी दोन मिनिटं तो नुसता ऐकून घ्यायचा. मग प्रश्न: किती जण? गणवेश की साधे कपडे? बोलतात कुठली भाषा? गुरं नेली की माणसं? शेवटच्या प्रश्नावर सगळं अवलंबून असायचं. गुरं नेली असतील तर सकाळची गस्त, माणसं नेली असतील तर आत्ता निघायचं. मी सेटवर वर कळवायचो, पोरं पांढऱ्या रंगाच्या गाड्यांत बसायची. नकाशावरचे आठ किलोमीटर पावसाळ्यात दोन तासांचे व्हायचे, कारण तिथला रस्ता म्हणजे लालभडक चिखलाची घसरगुंडी. पोचल्यावर बहुतेक वेळा कोणी सापडायचं नाही. पण गाड्यांचे दिवे डोंगरावरून दिसले की लुटारू पळ काढत, आणि गावकऱ्यांना तेवढंच हवं असायचं. या पद्धतीला मी पूर्ण गुण देतो. फक्त डोंगराआड नेटवर्क नसायचं, आणि फोन चार्ज करायला गावकऱ्यांना आमच्याच तळावर यावं लागायचं. धोक्याची बातमी कळवणारा फोन बॅटरीअभावी बंद, असं मी पाहिलंय.

ही व्यवस्था आभाळातून पडली नाही. 2010 मध्ये जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला वालिकाले भागात लुवुंगी आणि आसपासच्या गावांत बंडखोरांनी तीनशेहून जास्त लोकांवर बलात्कार केले. आपल्या भारतीय तुकडीचा तळ तिथून सुमारे 30 किलोमीटरवर. मधल्या काळात गस्त त्या रस्त्याने गेलीही, पण काय घडलं ते तिला कळलंच नाही. भाषा जाणणारं माणूस सोबत नसणं हा त्यावेळच्या चर्चेचा मोठा मुद्दा होता. त्याआधी नोव्हेंबर 2008 मध्ये उत्तर किवूतल्याच किवांजात दोन दिवसांत दीडशेच्या आसपास माणसं मारली गेली, आणि शांतिसेनेचा तळ तिथून मैलभराच्या आत होता. त्यानंतर फोन, सहायक, गावोगावची संपर्कव्यवस्था हे सगळं वाढलं. आपल्या माणसांना हे सांगितलं की काही जण चिडतात, ''फौजेची बदनामी करता'' म्हणतात. बदनामी कसली? सगळं जाहीर आहे. मारणारे दुसरे होते, पण राखण करायला आम्ही होतो.

आता किंमत. जवानामागे संयुक्त राष्ट्रं देशाच्या सरकारला महिन्याला पैसे देतात. मी होतो तेव्हा दर हजार डॉलरच्या आसपास होता, 2022 मध्ये तो 1,448 डॉलर झाला. गाड्या, सेट, जनरेटर, अगदी संडाससुद्धा आपण न्यायचे आणि त्याचं भाडं घ्यायचं. त्यासाठी ठरावीक महिन्यांनी तपासनीस येतात. गाडी स्टार्ट करून बघतात, सेट लावून बघतात, लंगरातले फ्रीज मोजतात. एखादी गाडी नादुरुस्त निघाली तर पैसे कापले जातात. माझे सेट नेहमी चकचकीत. पण या तपासणीत एक रकाना मी शोधत राहिलो: गेल्या महिन्यात किती गावं सुरक्षित राहिली? तो कोणी विचारला नाही. गाडी चालू आहे का एवढं बघायचं, ती कुठे गेली होती ते नाही.

पैसे देणारे एक आणि माणसं देणारे दुसरे, ही या सेवेची मूळ घडण. खर्चाचा मोठा वाटा अमेरिका, चीन, जपान, युरोपातले देश उचलतात. जवान येतात नेपाळ, बांगलादेश, भारत, पाकिस्तान, रवांडा इथून. आजवर भारताचे सुमारे 180 जवान या कामात गेले, कुठल्याही देशापेक्षा जास्त. आणि रवांडाची गंमत ऐका. निळ्या टोप्या पुरवण्यात तो देश वरच्या फळीत. त्याच वेळी काँगोतल्या एम-23 या बंडखोरांना रवांडाची फौज मदत करते, असं संयुक्त राष्ट्रांचेच तज्ज्ञ अहवालांमागून अहवाल देऊन सांगतात. ऑक्टोबर 2012 मध्ये रवांडा सुरक्षा परिषदेवर निवडून आला. पुढच्याच महिन्यात गोमा पडलं.

त्या नोव्हेंबरचं जरा सविस्तर. गोमा शहर न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, किवू सरोवराच्या काठावर. रस्ते, कंपाउंडच्या भिंती, सगळं काळ्या लाव्हाच्या दगडाचं. रात्री डोंगरावर लाल धग दिसायची. चुकुडू म्हणजे लाकडी दुचाकी गाडे ढकलत पोरं कोळशाची पोती नेतात. 15 नोव्हेंबरपासून सेटवर उत्तरेकडच्या बातम्या सुरू झाल्या: आधी किबुंबा, मग किबाती. शांतिसेनेच्या हेलिकॉप्टरांनी बंडखोरांवर हल्लेही केले. पण सरकारी फौज मागे सरकत होती. ट्रकच्या ट्रक भरून सैनिक शहरातून साकेच्या दिशेने चाललेले, कोणाच्या खांद्यावर गादी, कोणाच्या हातात बकरी. 20 तारखेला एम-23 शहरात शिरलं. विमानतळ शांतिसेनेच्या ताब्यात राहिला, शहर गेलं. काँगोभर आमचे सुमारे 17 हजार जवान होते. ऐकायला मोठा आकडा, पण तो देश महाराष्ट्राच्या साडेसात पट आहे. गोम्यात त्यातले जेमतेम दीड हजार.

त्या दिवशी सेटवर जी भाषा चालली होती ती मला आजही पटत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही. सुरक्षा परिषदेच्या आदेशपत्रात लिहिलेलं की नागरिकांच्या रक्षणासाठी लागेल ते बळ वापरा. त्याच आदेशपत्रात लिहिलेलं की देशाच्या फौजेला साथ द्या. मग देशाची फौजच पळाली तर साथ कोणाला? भर शहरात तोफा डागायच्या तर मरणार तेच नागरिक. आणि प्रत्येक तुकडीचा एक कान मिशनच्या कमांडरकडे, दुसरा आपापल्या राजधानीकडे. कागदावर एक फौज, प्रत्यक्षात वीस-पंचवीस देशांच्या वीस-पंचवीस फौजा. गोम्यातल्या लोकांनी आमच्या गाड्यांवर दगड मारले. माझ्या मते रास्त मारले.

बंडखोर 1 डिसेंबरला शहरातून गेले. का गेले? युगांडाच्या राजधानीत, कंपालात, बोलणी झाली, शेजारच्या देशांचा दबाव आला. आमच्यामुळे गेले नाहीत.

पुढच्या वर्षी मात्र वेगळं घडलं, आणि या परीक्षणातले निम्मे तारे तिथून आलेत. मार्च 2013 मध्ये सुरक्षा परिषदेने 2098 क्रमांकाचा ठराव करून हल्ला करणारी खास ब्रिगेड दिली. दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी, मिळून तीनेक हजार जवान. शांतिसेनेच्या इतिहासात असला आदेश पहिलाच. फोर्स कमांडर आले ब्राझीलचे जनरल सांतोस क्रूझ. ते पुढच्या मोर्चांवर स्वतः फिरत. वायरलेसवरच्या माणसाला वरचे साहेब कसे आहेत ते आवाजावरून कळतं, आणि या साहेबांच्या वेळी सेटवर ''पुढचे आदेश येईपर्यंत थांबा'' हे वाक्य कमी झालं. नोव्हेंबर 2013 मध्ये एम-23 ने बंड संपल्याचं जाहीर केलं. पण फक्त ब्रिगेडमुळे? नाही. रवांडाला मिळणारी पाश्चात्त्य देशांची काही मदत थांबली होती, आणि काँगोच्या फौजेत नवे अधिकारी आले होते. बंदूक, पैसा आणि देशाची स्वतःची फौज, तिन्ही एका दिशेला वळले तेव्हा जमलं. यातलं एक आमचं होतं.

मग एम-23 संपलं की किवूतली लढाई संपली? तिथे डझनांनी टोळ्या. 1994 च्या रवांडातल्या नरसंहारानंतर पळून आलेल्यांची एफडीएलआर वेगळी, माई-माई म्हणजे गावोगावचे हत्यारबंद गट वेगळे. मासिसीच्या डोंगरांत मूळ भांडण जमिनीचं. हुंडे जमातीचे लोक म्हणतात जमीन आमच्या पूर्वजांची, हुतू आणि तुत्सी म्हणतात आम्ही पिढ्यान्पिढ्या कसतोय, गुरं चारतोय. वर रुबायाच्या खाणींतलं कोल्टन नावाचं खनिज आहे, जे तुमच्या मोबाइलपर्यंत येतं. मी सातारकडचा, बांध कोरण्यावरून तीन पिढ्या बोलत नसलेली भाऊबंद मंडळी मला चांगली माहीत आहेत. आमच्या गावात तंटामुक्ती समिती आली तेव्हा तिच्याकडे तलाठ्याचे उतारे होते, मोजणी होती, दोन्हीकडचे सोयरे होते. तरी दोन दावे अजून कोर्टात आहेत. आमच्याकडे किवूत उतारा नव्हता, सोयरे नव्हते, वर्षभराने तुकडीची बदली. सगळी ओळख झालेला अधिकारी विमानात बसला की नवा साहेब पहिल्यापासून नावं पाठ करायला घेणार. पाटीवर ''शांतता'' लिहून असल्या तंट्यात माणसं पाठवली, म्हणून पाटीला एक तारा.

इतर शाखांबद्दल थोडं, कारण एकाच शाखेवरून सगळ्या सेवेला नावं ठेवणं बरं नाही. सिएरा लिओनमध्ये 2000 साली बंडखोरांनी शांतिसेनेचे शेकडो जवान ओलीस धरले, आपले दोनशेहून जास्त लोक कैलाहुनला वेढ्यात अडकले. जुलैमध्ये मेजर जनरल विजय जेटली यांच्या हाताखाली ऑपरेशन खुकरी झालं आणि ते सुटले. त्या अब्रूच्या पंचनाम्यानंतर मिशनची ताकद साडेसतरा हजारांवर नेली, ब्रिटिश फौजही उतरली होती, सत्तर हजारांहून जास्त लढवय्यांनी हत्यारं खाली ठेवली. 2005 मध्ये मिशन गुंडाळलं आणि लढाई परत आली नाही. लायबेरियातही तसंच. तिथे 2007 मध्ये आपल्या पोलिस बायकांची तुकडी गेली. सगळ्या बायकांची अशी जगातली ती पहिली. आमच्याकडे जवानांना तिचं भारी कौतुक होतं, आणि थोडी असूयाही, कारण राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ड्युटी, समोर डांबरी रस्ता! उलट सायप्रसमध्ये 1964 पासून टोप्या बसल्यात. जनरल थिमय्या तिथेच कमांडर असताना 1965 मध्ये गेले. गोळीबार थांबलाय, भांडण जागेवर. आणि काश्मिरात 1949 पासून निरीक्षक आहेत, ज्यांचं काम सिमला करारानंतर संपलं असं आपणच म्हणतो. दुसऱ्यांच्या घरी शांतिसेना पाठवायला आपण पुढे, स्वतःच्या घरी नको. कोणीही तेच म्हणेल, काँगोवालेही म्हणतात.

ते त्यांनी म्हटलंच. जुलै 2022 मध्ये गोमा, बुटेंबोत लोक शांतिसेनेविरुद्ध रस्त्यावर उतरले. बुटेंबोत आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान आणि मोरोक्कोचा एक जण मारला गेला, आंदोलकही मेले. 2023 मध्ये राजधानी किन्शासातल्या काँगो सरकारने ''लवकर जा'' म्हणून सांगितलं. जून 2024 मध्ये शांतिसेनेने दक्षिण किवूतला मुक्काम हलवला. वर्षही उलटलं नाही, तोवर आधीच पुन्हा उभं राहिलेलं एम-23 जानेवारी 2025 मध्ये गोमा घेऊन बसलं आणि फेब्रुवारीत दक्षिणेतलं बुकावूही. त्या वेळी गोम्यातल्या शांतिसेनेच्या तळांवर कोण आलं? काँगोचे सैनिक, हत्यारं टाकून, शेकड्यांनी. मी टीव्हीवर ते पत्रे, ती काळी भिंत बघत होतो. तेच कुंपण, फक्त या वेळी आसऱ्याला गणवेशवाले.

लैंगिक शोषणाच्या तक्रारींवर एक ओळ लिहून सुटता येणार नाही, पण जास्त लिहायला मला अधिकारही नाही. अनेक देशांच्या तुकड्यांवर आरोप झाले, आपल्यावरही झाले. चौकशी आणि शिक्षा ज्याच्या त्याच्या देशाकडे, त्यामुळे तक्रार करणाऱ्या बाईला निकाल कळेल याची खात्री नाही. फक्त या एका कारणासाठी कोणी शून्य तारे दिले तर मी वाद घालणार नाही.

कामाला साडेतीन तारे देतोय ते कुंपण, फोन, गोम्यातलं भारतीय हॉस्पिटल आणि 2013 च्या ब्रिगेडसाठी. दीड तारा कापला तो 20 नोव्हेंबरसाठी आणि गावकऱ्यांऐवजी फ्रीज मोजणाऱ्या कारभारासाठी.

गावातली पोरं विचारतात, ''काका, मिशनवर नंबर लागला तर जाऊ का?'' जावा की. भत्ता बरा मिळतो. गोमा दीड हजार मीटर उंचीवर आहे, स्वेटर न्या. मलेरियाची गोळी चुकवू नका. जाण्याआधी स्वाहिलीची शंभर वाक्यं पाठ करा, सलाम-नमस्कारापुरती नाही, ''किती जण होते, कुठल्या वाटेने गेले'' एवढी तरी.

आणि वर कोणी वाचत असेल तर: ऑक्टोबर 2025 मध्ये पैशाअभावी निळ्या टोप्या पंचवीस टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. कपात करताना कंत्राटं, परिषदा, मुख्यालयातली टेबलं आधी बघा. दुभाषी आणि जनरेटरचं डिझेल सगळ्यात शेवटी.